मेहकरच्या गच्चीवर पांढरी सांग्रिया

समृद्धी महामार्ग झाला आणि नाशिकच्या द्राक्षबागा व मेहकरचा बाजार एकाच दिवसात पाहता येऊ लागला. ऊन चढायच्या आत सिन्नरकडून महामार्ग धरायचा, शिर्डी, वैजापूर, छत्रपती संभाजीनगर, जालना मागे टाकायचं, सिंदखेडराजाची पाटी दिसली की बुलढाणा जिल्ह्यात आलो असं समजायचं आणि मेहकरला खाली उतरायचं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. आमच्या लहानपणी आजोळी जायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस जायचा. जालन्याच्या स्टँडवर आई माठातलं पाणी बाटलीत भरून घ्यायची आणि मेहकरला पोचेपर्यंत ते कोमट व्हायचं.

गेल्या वैशाखात निघाले तेव्हा गाडीत बर्फाची पेटी होती आणि पेटीत नाशिकच्या शेनिन ब्लांकच्या बाटल्या. मेहकरला मामांकडे सगळी भावंडं जमणार होती. अक्षय तृतीया होऊन गेली होती, पितरांची घागर भरून झाली होती, चिंचोणी पिऊन झाली होती. नागपूरचा एक मामेभाऊ आणि पुण्याच्या दोघी मावसबहिणी सुट्टीवर आल्या होत्या. संध्याकाळी गच्चीवर बसायचं आणि मी पांढऱ्या वाईनची सांग्रिया करायची, असं फोनवर ठरलं होतं.

वाईन उन्हाळ्यात न्यायची तर पेटी लागतेच. उभ्या गाडीत मे महिन्यात इतकी उष्णता साठते की पांढऱ्या वाईनचा सगळा ताजेपणा तासाभरात जातो, फळांचा वास जाऊन उकडल्यासारखा वास येऊ लागतो. वाटेत चहाला थांबलो तरी पेटी सावलीत राहील अशी मी सोय केली होती. टायरमधली हवाही निघताना तपासून घेतली. सिमेंटचा रस्ता तापलेला असतो आणि गाड्या सरळ वेगात धावतात, त्यामुळे उन्हाळ्यात या रस्त्यावर टायर फुटायची भीती मोठी. आणखी एक गोष्ट प्रवाशानं लक्षात ठेवावी. आपल्या राज्यात मद्य प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवावा. शिवाय हाच महामार्ग पुढे वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथं दारूबंदी आहे. नागपूरपर्यंत जायचं असेल तर बाटल्या मेहकरलाच संपवाव्यात किंवा मुळात आणूच नयेत.

शेनिन ब्लांक हे मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष. नाशिकला ते रुजलं ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सुलाची सुरुवात केली तेव्हा शेनिन आणि सोव्हिन्यॉं ब्लांक याच दोन जाती आधी लावल्या होत्या. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं आणि खायच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध असलेला जिल्हा वाईनसाठीही ओळखला जाऊ लागला. युरोपात वेलाची वर्षातून एकदा छाटणी होते. आपल्याकडे दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरत आला की गोडी छाटणी. म्हणून फ्रान्समध्ये भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास होणारी तोडणी नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये होते. हे मला फार मोलाचं वाटतं. आपलं वाईनचं द्राक्ष थंडीत पिकतं, त्याची ताजी पांढरी वाईन उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होऊ लागते, आणि त्याच सुमारास आपल्याला गार, आंबट-गोड काहीतरी प्यावंसं वाटू लागतं.

सांग्रिया मूळची स्पेन आणि पोर्तुगालची. लाल वाईनमध्ये संत्र्या-लिंबाच्या चकत्या, थोडी साखर, असली तर थोडी ब्रँडी, आणि सगळं गार करून मोठ्या भांड्यातून वाढायचं. १९६४ मध्ये न्यू यॉर्कला जागतिक मेळा भरला, तिथल्या स्पेनच्या दालनात ती अमेरिकेनं चाखली आणि मग जगभर पसरली. युरोपात आता कायदा असा आहे की बाटलीवर नुसतं ‘सांग्रिया’ लिहायचा अधिकार फक्त या दोन देशांना आहे. घरच्या भांड्याला असा कायदा नाही. पांढऱ्या वाईनची सांग्रिया ही तिची हलकी बहीण, आणि आपल्या वैशाखाला तीच मानवते. लाल वाईनमधला तुरटपणा उन्हात जिभेवर बसून राहतो. पांढरी सरळ घशाखाली उतरते.

मेहकरला उतरले तेव्हा दुपार टळत आली होती. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग, मेहकर घाटावर. घाटाखाली खामगाव-शेगावकडे रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. इथं सूर्य कलला की पैनगंगेकडून वारं सुटतं आणि गच्चीवर बसता येतं. नदी उगमापासून अजून फार लांब आलेली नसते, त्यामुळे उन्हाळ्यात पात्रात पाण्याहून दगड जास्त.

घरी जायच्या आधी शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. १८८८ साली उत्खननात सापडलेली ही विष्णुमूर्ती काळ्या पाषाणाची आहे आणि माणसाच्या उंचीहून कितीतरी उंच आहे. समोर उभं राहिलं की मान वर करावीच लागते. मेघंकर नावाच्या दैत्याला शारंगधरानं मारलं म्हणून गावाला हे नाव पडलं, असं गावकरी सांगतात. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे. पण मला या गावाची ओळख आहे ती कवी ना. घ. देशपांडे यांच्यामुळे. त्यांनी आयुष्यभर इथंच वकिली केली, ‘शीळ’ ही कविता लिहिली आणि ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हाही ते मेहकरचेच राहिले. कंचनी नावाच्या नर्तकीची आणि लोणारच्या देवीच्या दिव्याची गोष्ट इथं सांगतात. तिच्या महालाचे अवशेष अजून उभे आहेत आणि त्या महालाच्या नावाचा कवितासंग्रहही ना. घं.चाच आहे. या गावातली माणसं शांत बोलतात आणि पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत. तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखोंच्या पंगतीत पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात. त्या तालुक्याच्या माणसाला पाहुणचार शिकवावा लागत नाही.

सांग्रियाची फळं मी नाशिकहून आणली नव्हती, फक्त हंगामाच्या शेवटची द्राक्षं गोठवून पेटीत ठेवली होती. बाकी सगळं मेहकरच्या बाजारातून घ्यायचं असं पक्कं होतं. स्पेनची माणसं पीच घालतात, कारण त्यांच्या अंगणात पीच आहे. आपण पीचचा डबा आणून फोडायचा आणि बाजारात समोर खरबुजांचे ढीग तसेच सोडायचे, हे मला पटत नाही. सांग्रियाचं सगळं मर्म फळात आहे, आणि फळ जिथं बसून प्यायचं तिथलंच हवं.

बाजारात टरबुजं रस्त्याच्या कडेला गंजी लावल्यासारखी रचली होती. खरबुजं पोत्यावर पसरलेली. खरबूज मी नाकाला लावून घेते. देठाच्या उलट बाजूला, फूल गळून पडतं तिथं, मधासारखा वास आला तरच घ्यावं. मोसंबी जालन्याकडून येते. मृग बहाराची शेवटची फळं होती ती, साल पातळ आणि पिवळट, हातात जड. संत्री जवळपास संपली होती आणि उरलेली सुकलेली होती, ती घेतली नाहीत. कैऱ्या मात्र भरपूर होत्या, गावरान, टणक, चीक अजून ओला. पिकलेला आंबा घेतला तो केसर, आणि मुद्दाम जरा टणक. गावरान रसाचा आंबा पिकायला अजून थोडा वेळ होता, आणि तो पिकला असता तरी घातला नसता, कारण त्याचा धागा वाईनमध्ये सुटतो आणि सगळं गढूळ होतं. रसाच्या आंब्याची जागा वाटीतच. लिंबं, पुदिन्याची जुडी आणि आल्याचा तुकडा घेऊन मी घरी आले.

मामींनी पोळ्या थांबवून ओट्यावरची जागा मोकळी करून दिली. मी खरबूज कापायला बसले तशा त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “एवढे फळं कायले कापून राहिली वं? सात-आठ तर माणसं आपण.” मी म्हटलं, “मामी, निम्मी फळं तुमच्या पन्ह्यात, निम्मी आमच्या सांग्रियात.” त्यांना ते आवडलं. मग त्यांनीच मोसंबी सोलायला घेतली.

मोसंबीत एक गोष्ट जपावी लागते. तिचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडू होतो, हे घरोघरी ठाऊक असतं. सांग्रियाला फळ काही तास मुरवायचं असतं, त्यामुळे सालीसकट चकत्या टाकल्या तर सगळं भांडं कडवट होतं. म्हणून बाहेरची साल, आतला पांढरा पापुद्रा आणि बिया, तिन्ही काढून फक्त गर घ्यायचा. मामी हे काम करत होत्या तेव्हा फोडींवर पांढरा दोराही उरत नव्हता. लिंबाची मात्र साल ठेवायची, पण पातळ चकत्या करून आणि वाढायच्या थोडं आधीच घालायची.

एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीला माझं प्रमाण असं. दोन मोसंब्यांचा गर, वाटीभर खरबुजाच्या फोडी, एका टणक केसर आंब्याचे चौकोनी तुकडे, अर्ध्या कैरीचे कागदासारखे पातळ काप, दोन चमचे साखर आणि आल्याच्या दोन-तीन चकत्या. हे सगळं मोठ्या काचेच्या भांड्यात घालून आधी साखर हलक्या हातानं कालवायची आणि पाव तास तसंच ठेवायचं. साखरेनं फळाला पाणी सुटतं आणि तो रस वाईनमध्ये चटकन उतरतो. मग गार वाईन ओतायची, भांडं झाकायचं आणि फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवायचं. रात्रभर ठेवू नये. खरबूज मऊ पडतं, आंबा कडेनं विरघळू लागतो. टरबूज तर शेवटच्या क्षणीच घालायचं, कारण ते मुरत नाही, नुसतं पाणी सोडतं. केळं कधीच घालू नये.

वाईन कुठली घ्यावी, हे भावंडांनी पुन्हा पुन्हा विचारलं. महागडी घेऊ नये. फळांत मुरायची आहे, तिचे बारकावे त्यात हरवणारच. पण आंबलेली, उघडी पडलेली बाटलीही घेऊ नये, कारण फळ कुठलाही दोष झाकत नाही, उलट तो वर आणतं. शेनिन मी निवडते ती तिच्यातल्या मऊ, किंचित गोडसर फळाच्या चवीसाठी. खरबूज आणि आंब्याशी ती मिळून जाते. सोव्हिन्यॉं ब्लांकला कच्च्या पेरूचा, हिरव्या मिरचीचा तीक्ष्ण वास असतो. ती घ्यायची तर कैरी आणि पुदिना जास्त घाला आणि आंबा वगळा. लाकडाच्या पिंपात ठेवलेली पांढरी वाईन मात्र सांग्रियाला अजिबात घेऊ नये.

ब्रँडी मी घालत नाही. स्पेनमध्ये घालतात, पण ४३ अंशांच्या दिवसानंतर ती घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही. नुसत्या वाईनचंच गणित मांडून पाहा. साधारण साडेबारा टक्क्यांच्या एका बाटलीत ३०० मिलिलिटर सोडा आणि फळांचा रस मिळाला की पेय नऊ टक्क्यांच्या आसपास राहतं, म्हणजे कडक बिअरहूनही थोडं जास्तच. आणि ते फळांसारखं गोड लागतं, त्यामुळे माणूस सरबतासारखं पितो. म्हणून एका बाटलीचे सहा पेले करायचे आणि प्रत्येकाच्या शेजारी माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवायचा. उन्हानं आधीच अंगातलं पाणी गेलेलं असतं. वाळा घातलेलं माठाचं पाणी समोर असलं की माणसं आपोआप मधून मधून पितात. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला पेला द्यायचाच नाही.

दुसरं भांडं पन्ह्याचं. मामा-मामी, माझी वयस्कर मावशी आणि मुलं यांच्यासाठी मामींनी कैऱ्या उकडल्या, गर काढला, त्यात गूळ, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून पन्हं केलं. त्यातही मोसंबीचा गर, खरबुजाच्या फोडी आणि पुदिना घातला, वरून गार पाणी. सोनेरी, गाढ, वेलदोड्याच्या वासाचं पन्हं. दोन्ही भांड्यांत फळं दिसत असल्यानं मी सांग्रिया काचेच्या जगात आणि पन्हं पितळी कळशीत ठेवलं, दोन्हींचे पेलेही वेगळे. घरात लहान मुलं असतात तिथं ही काळजी घ्यायलाच हवी. मामांना बाटलीचं वावडं नव्हतं, पण ते माळकरी. त्यांच्या समोर पेले फिरणार नाहीत असं ठरवून ते आणि मावशी अंगणात बाजेवर बसले, आम्ही गच्चीवर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पन्हं मात्र दोन्हीकडे गेलं.

गच्चीवर दिवसभर कुरडया वाळत होत्या. संध्याकाळी मामींनी त्यांतल्याच सुकलेल्या मूठभर आणि सांडगे तळून वर पाठवले, सोबत पाटवड्या. तेलात फुललेल्या कुरडईबरोबर गार सांग्रिया किती छान लागते ते पुण्याच्या बहिणींना पटवायला मला काहीच बोलावं लागलं नाही. पाटवडीचा तिखटपणा शेनिनच्या गोडसरपणानं उतरतो. हॉटेलात पांढऱ्या वाईनबरोबर चीज ठेवतात. आपल्या वाळवणाचा कुणी विचारच केलेला नाही. उन्हाळ्यात घरोघरी डबे भरलेले असतात, तेच काढावेत.

सोडा अगदी शेवटी, पेल्यातच घालायचा. जगात घातला तर पहिल्या दोन पेल्यांनंतर त्याचे बुडबुडे मरतात. बर्फाऐवजी गोठवलेली द्राक्षं टाकली. बर्फ वितळतो आणि पेय पातळ करतो. द्राक्ष वितळलं तरी द्राक्षच राहतं आणि शेवटी खाता येतं. पेल्याच्या तळाला राहिलेली फळं चमच्यानं खायची असतात, ती फेकू नयेत. वाईनमध्ये मुरलेलं खरबूज हा या पेयातला सर्वांत उत्तम घास आहे. पण ती फळं मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून पेले मी लगेच उचलले.

दुसऱ्या दिवशी सगळे लोणारला गेलो. मेहकरहून सुलतानपूरमार्गे पंचवीसेक किलोमीटर. उल्कापातानं झालेल्या इथल्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि २०२० मध्ये त्यातल्या सरोवराला रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं खारं पाणी गुलाबी झालं होतं. काठावरून पाहिलं की उष्णता खालून वर येते असं वाटतं. सकाळी लवकर जावं आणि नऊच्या आत परत यावं, एवढंच सांगते. आमच्याबरोबर बाटलीत उरलेलं पन्हं होतं आणि तेच तिथं उपयोगी पडलं.

वैशाखात मृगाची मोसंबी आणि खरबूज यांहून पांढऱ्या सांग्रियाला चांगली जोडी मला मिळालेली नाही, आणि ती मेहकरच्या बाजारात स्वस्त मिळते. समृद्धीवरून जाणार असाल तर वाईन नाशिकहून न्या, पण फळं मेहकरलाच घ्या. घरी पोचलात की पन्ह्याची कळशी आधी भरा, सांग्रियाचा जग मागाहून.